मॅडम आणि माझा कंट्रोल बॉक्स

टेस्टिंग शेडमधल्या बाईंना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणायचो. यंत्राभोवती चारी बाजूंनी अँटेना उभे करून त्यावर रेडिओलहरी सोडायच्या आणि ते बिचकतं का बघायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला त्या बांगड्या उतरवून ठेवत आणि यंत्राला म्हणत, "चाल रे बाबा, दाखव."

क्रेनसाठी मी बनवलेला कंट्रोल बॉक्स त्यांच्या शेडमधल्या क्रेनला जोडला, तेव्हा भिलाईत माझ्याएवढा हुशार इंजिनिअर नाही, अशी माझी खात्री होती.

"वॉकीटॉकी खेटून धरली तरी हा दचकणार नाही," मी म्हणालो.

"मंग हुकाखाली उभे राहाता काय जी?"

"राहतो की!" मी रिकाम्या हुकाखाली ऐटीत उभा राहिलो.

मॅडम लहरींच्या बटणाकडे लगेच गेल्या नाहीत. त्यांनी माझी बाही धरून मला ओढत भिंतीशी नेलं, मग लहरी सोडल्या. हुक धाडकन खाली आला, मघाशी मी उभा होतो तिथेच.

मी भिंतीला धरून राहिलो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बॉक्स सुधरते जी. तुमी पाणी प्या."

कँटीनमध्ये त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. म्हणून मलाच सांगत फिरावं लागतं.