तिसऱ्या खिडकीतलं सोपं गणित

झुल्मिरा ब्राझिल ही कॉलेजात सल्लागार नव्हती. नोंदणीच्या तिसऱ्या खिडकीत बसून अर्जांवर शिक्के मारायचे, एवढंच तिचं काम. पण हे हिल्मार गावाच्या आसपासच्या पोर्तुगीज गोठेवाल्यांना कोण सांगणार? खऱ्या सल्लागाराची वेळ मिळायला दोन आठवडे लागत, आणि मिळाली तरी समोर बसणार कोण, तर आपला आजोबा कुठल्या बेटावरून आला हेही ठाऊक नसलेला कुणीतरी परका. त्यापेक्षा रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर झुल्मिराला गाठलेलं बरं. पोराचं नाव सांगायचं, ती पर्समधून पेन काढायची आणि मिस्साच्याच पत्रकाच्या पाठीवर विषयांची यादी लिहून द्यायची. तिलाही ते आवडायचं. आवडायचं कसलं, एखाद्या रविवारी कुणी विचारलं नाही तर दुपारचं जेवण गोड लागायचं नाही बाईला.

बाकीचे विषय पोरागणिक बदलत. गणिताच्या ओळीवर मात्र तिचं एकच औषध असे: संख्याशास्त्र घे आणि मोकळा हो.

यामागे तिचं जुनं दुखणं होतं. एकोणिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायचं म्हणून ती याच कॉलेजात आली होती. तेव्हाच्या प्रवेशचाचणीनं तिला गणिताच्या अगदी खालच्या पायरीवर बसवलं. वर चढायला चार पायऱ्या. तिसरीवर, बीजगणिताच्या, ती तीनदा घसरली. चौथ्यांदा चढली नाही. ज्या खिडकीपुढे रांगेत उभी राहायची, तिच्याच आतल्या बाजूला नोकरीला लागली. झुल्मिरानं बीजगणिताला काडीमोड दिला आणि नवऱ्याला ठेवून घेतलं, दोघांत जास्त त्रास कुणाचा याचा हिशेब तिला कधी जमलाच नाही, असं गावात म्हणत. पुढे नियम बदलले. पायऱ्या गेल्या, पहिल्याच सत्रात थेट संख्याशास्त्राला बसता येऊ लागलं आणि विद्यापीठंही ते मानू लागली. त्या दिवसापासून बाई त्या विषयाची प्रचारकच झाली. तिच्या यादीवर फुर्तादोंचा पोरगा पोलिसात गेला, दोघी नर्स झाल्या, एक बालवाडीत शिकवू लागली. आपल्यासारखं कुणी तिसऱ्या पायरीवर अडकू नये, एवढंच तिला वाटे. वाईट काय होतं त्यात?

मग जॅसिंता बोर्जेस आली.

बोर्जेसांचा गोठा झुल्मिराच्या घराला लागूनच, मध्ये फक्त मक्याचं शेत. दोन उन्हाळे लागोपाठ त्यांची विहीर आटली, तेव्हा सतरा वर्षांची ही पोर बोअर मारणाऱ्याच्या यंत्रापाशी दिवसभर उभी राहून प्रश्न विचारायची. शेवटी त्यानं कंटाळून तिला बसायला खुर्ची आणून दिली. जमिनीखालचं पाणी कुठं जातं, हे तिला शिकायचं होतं. बाप लॉरेनियो याची पाठ कामातून गेलेली. त्यानं सरळ सांगितलं होतं: दोन वर्षं इथलं कॉलेज, त्यानंतर विद्यापीठानं घेतलं तर जा, नाहीतर गोठा आहेच.

नोंदणीच्या दिवशी, मावशीला म्हणतात तसं ‘तिया’ म्हणत तिनं खिडकीतून विचारलं, “तिया, गणित कुठलं घेऊ? पुस्तिकेत सतरा नावं आहेत.”

“सतरा बघायची कशाला? संख्याशास्त्र. विद्यापीठ डोळे मिटून घेतं.”

गणित आपल्याला जड जात नाही, असं काहीतरी पोर पुटपुटली. पहिल्या आठवड्यात सगळे असंच म्हणतात, म्हणून झुल्मिरा हसली आणि शिक्का मारला. मागे रांग दारापर्यंत गेली होती.

जॅसिंताला संख्याशास्त्रात पहिला वर्ग मिळाला. पुढच्या सत्रात आणखी गणित घेऊ का म्हणून ती पुन्हा आली, तेव्हा झुल्मिरा म्हणाली, “झालेलं बाळंतपण पुन्हा कशाला गं?” रांगेतले हसले, जॅसिंताही हसली. मग माती, गुरांचा चारा, भाषणकला असं करत दोन सत्रं गणिताशिवाय गेली.

दुसऱ्या वर्षी, विद्यापीठाला अर्ज करायच्या दिवसांत, ती दोन आठवडे थांबून खऱ्या सल्लागाराला भेटली. माणूस भला होता. त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि स्थापत्य अभियांत्रिकीची यादी दाखवली. कॅल्क्युलसचे तीन भाग, त्यावर आणखी एक गणित, आणि कॅल्क्युलसच्या खांद्यावर उभं असलेलं भौतिकशास्त्र. संख्याशास्त्र त्या यादीत नव्हतंच. विद्यापीठ ते घेतं हे खरं, पण या शाखेला त्याचा उपयोग नाही. आत्ता सुरुवात केली तरी दोन वर्षं, असं तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी ती झुल्मिराच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पुस्तिका आपणच नीट वाचायला हवी होती, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. झुल्मिरा गोड पावाचं पीठ मळत होती. “हं,” म्हणाली आणि मळतच राहिली. त्या एका हुंकारात तिनं आपली चूक पोरीच्या गळ्यात जाऊ दिली. एरवी या बाईला गप्प बसवायला फादरसुद्धा थकत.

रात्रभर तिनं स्वतःला समजावलं की पोरीनं कुठं सांगितलं होतं काय व्हायचंय ते. सकाळी कामावर जाऊन तिनं जॅसिंताचा पहिला अर्ज काढला. शाखेच्या ओळीवर गोल अक्षरात लिहिलेलं होतं: स्थापत्य अभियांत्रिकी, पाणी. दोन बोटं खाली झुल्मिराचा शिक्का. सरळ, ठसठशीत.

दुपारी तिनं लॉरेनियोला गाठून आणखी दोन वर्षांचं सुचवून पाहिलं. तो चिडला नाही. “गाई थांबतात का विचार,” एवढंच म्हणाला, आणि टेबलाला धरून उठला. तो कसा उठला ते पाहिल्यावर तिनं तो विषय सोडला.

जॅसिंता दूध काढायच्या शेडमध्ये नळीनं फरशी धूत होती. झुल्मिरानं अर्जाची प्रत तिच्यापुढे धरली.

“तू लिहिलं होतंस. मी वाचलं नाही.”

जॅसिंतानं नळी बंद केली, कागद वाचला, ओल्या बोटाचा डाग पडला तो बाहीनं पुसला.

“मला वाटायचं, तुम्ही पाहून सांगितलंत.”

“बीजगणितानं माझं काय केलं ते तुला ठाऊक आहे. तुझं तसं होऊ नये म्हणून...”

“मला गणिताची भीती नव्हती, तिया,” जॅसिंता म्हणाली. “तुम्हाला होती.”

आवाज चढला नव्हता. तिनं नळी पुन्हा सुरू केली.

मग जॅसिंतानं कृषी-व्यवस्थापनाला अर्ज केला. तिथं संख्याशास्त्र चालत होतं. वसंतात विद्यापीठाचं पत्र आलं आणि लॉरेनियोनं ते दूध नेणाऱ्या ट्रकवाल्यापासून सगळ्यांना वाचून दाखवलं.

जूनच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. पावावर ओतलेला मांसाचा रस्सा, वर पुदिना, आणि वाढणाऱ्या पोरींत जॅसिंता. लॉरेनियो पेला घेऊन कसाबसा उभा राहिला. आमच्या घरातली पहिली पोर विद्यापीठात चालली ती या झुल्मिरामुळे, असं त्यानं अख्ख्या हॉलला सांगितलं. टाळ्या पडल्या. झुल्मिरानं तोंड उघडलं, पण समोर कोबी वाढणाऱ्या जॅसिंतानं किंचित मान हलवली. बापाचा आनंद मोडू नका, एवढाच त्याचा अर्थ होता. झुल्मिरा खाली बघून रस्सा ढवळत राहिली.

तेवढ्यात शेजारी बसलेली ओडिलिया नूनेस वाकून म्हणाली, “आमच्या मेलिंडालाही तेच गणित लिहून दे गं, जॅसिंताला दिलंस ते.” आणि तिनं पेनही पुढे केलं.

झुल्मिरानं पेन घेतलं नाही. “मेलिंडाला व्हायचंय काय?”

“ते कशाला हवंय तुला? सोपं असलं म्हणजे झालं.”

“विचारून ये,” झुल्मिरा म्हणाली. “नाहीतर तिलाच माझ्याकडे पाठव. नाही, नकोच, सल्लागाराकडे पाठव. दोन आठवडे थांबायला लागलं तर थांबू दे.”

ओडिलियाला राग आला. बोर्जेसांची पोर विद्यापीठात काय गेली, बाईचा भाव वाढला, असं ती पलीकडच्या टेबलावर जाऊन सांगू लागली, आणि ते झुल्मिराला ऐकू येत होतं. हे सगळं ऐकलेल्या जॅसिंतानं झुल्मिराच्या ताटात कोबीचं आणखी एक पान वाढलं, वाडगा उचलला आणि पुढच्या टेबलाकडे गेली.