पाठमोरा बसलेला सुकराम

साकोलीहून एकोडीकडे निघालो तो मासेमारी बघायला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की इकडचे ढीवर मासेमार बोडीत (लहान तलावात) एकत्र जाळं ओढतात. माझे यजमान सदारामकाका त्यांचे म्होरके. काठावर पोचताच गाळाने माझी एक चप्पल गिळली. दुसरी मीच सोडून दिली.

सगळे जाळं ओढत होते आणि चाळिशीचा एक धडधाकट गडी काठावर नुसता बसला होता. मला रागच आला. पाण्याची भीती वाटते का, असं मी खोचकपणे विचारलं. तो हसला. सुकराम त्याचं नाव. पूर्वी वैनगंगेवर रेती चोरणाऱ्या टोळीत होता. घाटावरच्या मारामारीत त्याने दुसऱ्या टोळीतल्या एकाचा हात सळईने कायमचा मोडला आणि दोघेही एकाच तुरुंगात गेले.

"भिंतीले पाठ लावूनच झोपत होतो," तो म्हणाला. "एक दिवस जेवणाच्या लाइनीत तोच समोर आला. मले वाटलं, माराले आला. तो वाकला, अन् त्याच मोडक्या हातानं दंडवत केला."

त्या माणसाने तुरुंगात येणाऱ्या एका साधूकडून महानुभाव पंथाचा उपदेश (दीक्षा) घेतला होता. पुढे दोन्ही टोळ्यांतल्या सहा जणांनी घेतला, त्यांत सुकरामही. जीवहत्या बंद, मासळी बंद.

पण ढिवराच्या पोराने मासा सोडला, हे बाप गोमाजीला काही केल्या पचेना. तो त्याच्याशी बोलत नसे. मुलाचं ताट बाहेर ओसरीवर. शिवाय इथला नियम कडक: ज्या घरचा हात जाळ्याला नाही, त्या घराला वाटा नाही. आजवर म्हाताराच जाळं ओढायचा. आज तो तापाने पडला होता.

मासळीचे ढीग लागले. आता एकाने ढिगांकडे पाठ करून बसायचं. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून "हा कोणाचा?" विचारणार आणि पाठमोऱ्याने एक घर सांगायचं, म्हणजे पक्षपात नको. काकांनी सुकरामला हाक मारली. ज्याला मासाच नको, त्याच्याइतका निर्लोभी माणूस आणायचा कुठून! एकेकाळी याला पाहून याच गावाने दारं लावली होती. आता तो सगळ्यांकडे पाठ करून शांत बसला आणि घरं सांगू लागला. ज्याने त्याने आपापला ढीग उचलला.

शेवटी एक ढीग उरला. सुकराम म्हणाला, "आमच्या घरचा हात नाही लागला, काका."

"वाटे पाडणं बी कामच हाय," काका म्हणाले. "तो गोमाजीचा."

सुकरामचे डोळे भरून आले. तो मासळीला हात लावणार नव्हता, म्हणून टोपली मी उचलली आणि अनवाणी त्याच्या घरी गेलो.

गोमाजी खाटेवर पडून होता. मी घडलेलं सगळं सांगितलं. तो सुनेला म्हणाला, "मासे शेजारी देऊन टाक. आज वरण शिजव. अन् त्याचं ताट आत आण, माह्या बाजूले."

संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. तुरुंगात माणूस सुधारतो का, यावर मी पूर्वी तावातावाने भांडलो आहे. आता भांडणार नाही. मी निघण्याआधी ते जेवायला बसले, तेव्हा गोमाजीने मुलाच्या भातावर वरण वाढलं, एवढंच मी सांगेन.