बाबांनी बुजवू दिलेली बोअर

माझ्या बाबांनी पाण्याची एक जिवंत बोअर बुजवू दिली.

आज सकाळी बाबा गेले.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ते भंडाऱ्याहून आले. बोअरिंगच्या गँगमध्ये लागले. काम एकच, चिकणमातीचा गारा कालवणं.

बोअरची भिंत ढासळू नये म्हणून तो आत सोडत. बाबांचा गारा सायीसारखा घट्ट. मिस्त्री म्हणायचा, "इसके हाथ का गारा, लोहा है लोहा."

खुर्सीपारच्या झोपड्यांजवळ बोअर खोदली. पाणी दिसेना.
साहेबांनी विचारलं. बाबा म्हणाले, "सूखा है, साहब."
बुजवली.

आई नाल्यावरून पाणी आणत राहिली. तेव्हा मी तिच्या पोटात.

पुढच्या साइटवरही बोअर कोरडी निघाली. तिथल्या मिस्त्रीनं आत साधं पाणी सोडून दोन दिवस घुसळलं. भिंतीवरचा गारा सुटला. पाणी आलं.

बाबा धावत खुर्सीपारला गेले. तिथं क्वार्टरचा पाया पडला होता.

मग साठ वर्षं तेच डोक्यात. जेवता जेवता उठायचे.
"कुठं चालले?"
"काई नाही. चालून राहिलो."
आई चिडवायची, "तुमच्या गाऱ्यापायी मी बारीक राहिली."
बाबा हसायचे नाहीत. आई गेल्यावर तर जास्तच चालायला लागले.

माझा मुलगा पेट्रोलियम इंजिनीअर. तो म्हणाला, "आजोबा, इसको स्किन बोलते हैं. भिंतीवर थर बसतो. मग आठ इंची बोअर बोटाएवढी असल्यासारखी वागते. त्याचा आकडा काढतात, स्किन फॅक्टर."

"माह्या बोअरले पाणी होतं का नाही, सांगते का तुहा आकडा?"
"टेस्ट केल्याशिवाय नाही."
"मंग काय त्याचं लोणचं घालू?"

काल त्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात कुणीतरी बोअर मारली. भरपूर पाणी लागलं. मुलगा बाटली भरून घेऊन आला.

बाबांनी ती उजेडात धरली. खूप वेळ.
मग मला म्हणाले, "तुह्या आईच्या फोटोपुढं ठेव."

आणि काठी मागितली.
"मले तिथं ने."
"ऊन आहे बाबा. उद्या नेते."
"उद्या कावून?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

बाटली फोटोपुढं आहे. झाकण उघडून ठेवलंय.

दुपारी त्यांना घेऊन स्मशानाकडे निघू. रस्ता लांबचा आहे, पण खुर्सीपारवरूनच.

चला बाबा. नेते.
जय भीम.