वामनराव आणि जिनाचे मागचे दार

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर लोक नवरानवरी कुठे बसली आहेत ते पाहतात. वामनराव बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते पाहत. नाटकाला गेले तरी तेच, देवळात गेले तरी तेच. "जेवाले आले का पळून जायाले?" असे एकदा एका यजमानाने विचारले, तेव्हा ते पानावर बसत म्हणाले, "दोन्ही जमलं पायजे, भाऊ."

अकोल्याच्या आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवीत, मी मराठी. आम्ही एकाच खोलीत राहत होतो. माझ्या उशाशी पत्रकांचा गठ्ठा असे. सरकारला आणि मालकांना जाब विचारणारी ती भाषा मला तोंडपाठ होती. वामनराव मला चिडवीत. "तुह्या पत्रकानं चूल बरी पेटते, बापू."

त्यांचा एक प्रयोग पाहायला दुसऱ्या वर्गांतली मुलेही खिडकीशी जमत. सोड्यावर आम्ल ओतले की निघणारा कर्बवायू ते पेल्यात धरत आणि तो पेला पेटत्या मेणबत्तीवर कलता करत. दिसायला पेला रिकामाच. पण ज्योत विझून जाई. "जादू नाही हे," ते सांगत. "हा वायू हवेपेक्षा जड हाय. खाली बसते, हवेले बाजूले सारते. मंग आगीनं श्वास घ्यावा कशाचा?"

त्या साली शहरातल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाने आग विझवायचे विलायती बंब आणले. लाल नळकांड्यांत हाच वायू दाबून भरलेला, तोंडाला काळा कर्णा. बंब आले आणि जिनाच्या मागच्या दाराला कुलूप लागले. त्या दाराने कापूस चोरीला जातो ही या मालक शेठजींची जुनी तक्रार होती. आगीच्या भीतीने तेवढे ते उघडे ठेवीत. आता भीती संपली होती. आत बाया कापसाच्या ढिगांत बसून रेच्यांवर, म्हणजे कापूस पिंजून सोडवणाऱ्या यंत्रांवर, सरकी काढीत, आणि त्यांना बाहेर पडायला एकच दार उरले.

दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा होते. बंबांनाही हळदकुंकू लागले, झेंडूच्या माळा चढल्या. माळ चढल्यावर मुकादम त्यांना हात लावायला भिऊ लागला. बंब चालवून दाखवायला शेठजींनी वामनरावांना बोलावले. शेठजी आमच्या शाळेच्या कमिटीत होते. वामनरावांची नोकरी कच्ची. ती पक्की करायची की नाही हे दिवाळीनंतर ठरायचे होते, आणि तेल्हाऱ्याला त्यांची म्हातारी आई त्याच पगारावर जगत होती.

वामनरावांनी स्वतःच्या हाताने माळ उतरवली. "मास्तर, देव हाय तो आता," मुकादम पुटपुटला.

"मंग देवाले कामाले लावू ना. बसवून काहून ठेवता?"

परातीत घासलेट पेटवले. कर्ण्यातून फुसकारत पांढरा ढग निघाला आणि आग गेली. टाळ्या पडल्या. मग त्यांनी टोपलीभर कापूस मागवला, पेटवला, तोही विझवला. टाळ्या आणखी मोठ्या झाल्या. शेठजी हार घेऊन पुढे आले.

"थांबा. हार मंग घालजा."

"का, मास्तर? विझली ना आग?"

"विझली नाही. तोंड दाबलं तिचं." त्यांनी काठीने कापूस उकरला. आधी धुराची रेघ, मग लाल ठिपके, आणि पाहता पाहता ढीग पुन्हा पेटला. बाया पुढे सरकून पाहू लागल्या.

"घासलेट वरून जळते, त्याच्यावर वायू पसरला का खेळ खतम. कापूस पोटातून जळते. त्याच्या तंतूतंतूत हवा हाय. वायू उडून गेला का आग पुन्हा जागी. हे बंब तेलाच्या खोलीत ठेवा, इंजिनापाशी ठेवा. तिथं लाख मोलाचे हायत. पन बायांचा जीव वाचवनारी चीज तुमच्यापाशी पयलेच होती, शेठजी. तिले तुमी कुलूप लावलं."

शेठजी हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं प्रकरण कमिटीपुढे यायचं आहे, मास्तर."

"मालूम हाय. म्हनून तर मोठ्यानं बोलून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेचे सुरू झाले नाहीत. बाया फाटकाबाहेर बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे येसूबाई, तंबाखू मळत.

"काहून बसल्या?" मुकादमाने दरडावले.

"श्वास घेऊन राह्यलो. मागचं दार खोला, मंग येतो अंदर."

दुपारपर्यंत कुलूप निघाले. मी मोठ्या आवेशात लिहायला घेतलेले पत्रक अर्धेच राहिले. त्याची गरजच कुणाला पडली नाही.

दिवाळीनंतर कमिटीने वामनरावांना पक्के केले नाही. त्यांनी अर्ज केला नाही, कुणाच्या ओट्यावर जाऊन बसले नाहीत. ट्रंक उचलली आणि तेल्हाऱ्याला गेले. तिथे घरी शिकवण्या घेऊ लागले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जिनात आग लागली. कापसातून आलेला खडा रेच्यात सापडला आणि ठिणगी उडाली. पुढचे दार ज्वाळांनी अडवले. मी ही बातमी घेऊन तेल्हाऱ्याला गेलो, तेव्हा वामनराव मुलांना भूमिती शिकवत होते. हातातला खडू तसाच राहिला.

"बाया?"

"साऱ्या सुखरूप. मागच्या दारानं निघाल्या."

त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "अन् तेलाची खोली?"

"बंबांनी वाचवली."

"मंग लिहिशीन तेव्हा बंबालेही नाव देजो, बापू. त्यानं आपलं काम केलं."

असा माणूस माझ्या खोलीत राहत होता, हे मी आजही ताठ मानेने सांगतो. शाळेने त्यांना परत बोलावले नाही. पण जिन पुन्हा उभा राहिला, आणि येसूबाई बाजारात भेटली की भाजीची टोपली खाली ठेवून मला थांबवते.

"तेल्हाऱ्याले गेले तं आमच्या मास्तराले सांगजा," ती म्हणते, "दार उघडंच हाय."