एकाच शाफ्टवर इंजिन आणि मोटर

जिनिंग फॅक्टरीत दिवसभर काम केलं की रुईचे कण केसांत, भुवयांत, चहाच्या कपातसुद्धा सापडतात. किस्स्यांचंही तसंच! धामणगाव रेल्वेच्या एका जिनात मी काट्यावर बाबू होतो, कापसाच्या गाड्या मोजायचो. ते जिन सोडून कितीतरी वर्षं झाली, पण अंग झटकलं की अजून एखादा किस्सा खाली पडतोच.

आमच्या जिनातले सगळे रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं, एका लांबलचक शाफ्टवर चालायचे. शाफ्ट फिरवायचं वाफेचं इंजिन आणि इंजिन चालवायचे रहीमचाचा. मग गावात वीज आली. शेठनी मोटर आणली, पण जुनं इंजिन काढायला त्यांचं मन होईना.

"दोन्ही ठेवू," ते म्हणाले. "ज्या दिवशी जे सोयीचं, ते चालवू!"

मोटर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसली. इकडचा बेल्ट चढवला की इंजिन, तिकडचा चढवला की मोटर. मोटर सांभाळायला भातकुलीकडचा गौतम वायरमन आला. घरात पगाराची नोकरी लागलेला तो पहिलाच. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून पठ्ठ्या खुर्चीला टेकतसुद्धा नसे!

*

मोटरचा पहिला दिवस. नारळ फुटला, पेढे वाटले, शेठनी बटण दाबलं. शाफ्ट फिरला, पण उलटा! रेच्यांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गौतमला दरदरून घाम फुटला.

रहीमचाचा त्याच्याजवळ गेले. "घाबरतं काहून बे? नवी सून हाये. पयल्या दिवशी तोंड फिरवूनच बसते!"

गौतमनं दोन तारांची अदलाबदल केली आणि शाफ्ट सरळ फिरू लागला. त्या दिवसापासून तो चाचांच्या बॉयलरपाशी बसून भाकर खाऊ लागला.

*

कोणत्या दिवशी काय चालवायचं, याचा घोळ नको म्हणून मुनीमजींनी फाटकावर पाटी टांगली. सकाळी खडूनं लिहायचं, 'आज इंजिन' किंवा 'आज मोटर'. एका सकाळी गाडीच्या बैलानं मान घासली आणि अर्धी पाटी पुसली. उरलं फक्त 'आज'!

चाचा म्हणाले, आज आपण. गौतम म्हणाला, आज आपण. दोघांनी आपापला बेल्ट चढवला. पुढं काय झालं ते विचारू नका. मोटरचा बेल्ट सटकला आणि कापसाच्या गंजीत जाऊन पडला. तो शोधायला आम्ही सगळे कंबरेएवढ्या कापसात उतरलो होतो, आणि मुनीमजी बैलाला रागावत होते.

*

मोटरच्या दिवशीसुद्धा चाचा भट्टी पुरती विझू देत नसत. शेठ चिडायचे.

"चाचा, लाकडं काय झाडाले लागतात का?"

"हो शेठ," चाचा शांतपणे म्हणायचे.

पण भर हंगामात दुपारी वीज गेली आणि अख्खं जिन गप्प झालं, तेव्हा गौतम पडलेल्या चेहऱ्यानं बॉयलरपाशी गेला. "चाचा, भाप हाये का?" चाचांनी बेल्टाकडे बोट दाखवलं. रेचे पुन्हा चालू झाले. गौतमकडे पाहून चाचा फक्त मिशीत हसले, पण तेवढ्यानंच तो लाजला.

*

पुढच्या हंगामात मात्र शेठनी ठरवलं, दोन्हीचा खर्च बस झाला. नागपूरहून इंजिनिअर बोलावला. एक दिवस इंजिन, एक दिवस मोटर, जे जास्त रुई काढेल ते राहील. इंजिन हरलं तर भंगारात जाणार आणि चाचा घरी. या वयात त्यांना दुसरीकडे कोण ठेवणार?

इंजिनाचा दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी मोटर. इंजिनिअरनं भट्टी पार विझवायला लावली. मोटर सूं करून निघाली, आणि थोड्याच वेळात बाहेर लेकरांनी रडायला सुरुवात केली. इंजिनघराच्या भिंतीमागं, उबेला, बाया आपल्या लेकरांच्या झोळ्या बांधायच्या. मोटरच्या दिवशी लेकरं किरकिरायचीच, पण त्या दिवशी तर आकांत! रेच्यावरची शेवंताबाई लेकराला घ्यायला उठली, तिच्यामागं दुसरी, तिसरी. रेचे रिकामे फिरू लागले.

मी धावत चाचांकडे गेलो. "चाचा, मोटर हरून राह्यली! रडू द्या लेकरायले!"

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "काय बोल्ला तू?"

ते उठले. एक रिकामं लाकडी पिंप त्यांनी भिंतीपाशी ओढलं, वर गोणपाट टाकलं आणि दोन्ही तळहातांनी ठोकायला लागले. धप... धप... धप... थेट इंजिनाचा ठोका! जन्मल्यापासून त्याच ठोक्यावर झोपणारी ती लेकरं एकेक करून गप्प झाली. बाया रेच्यांवर परतल्या. गौतम दारात उभा राहून डोळे पुसत होता. चाचांनी संध्याकाळपर्यंत हात थांबवले नाहीत.

मोटर जिंकली.

शेठनी चाचांचे सुजलेले तळहात पाहिले आणि पाठ फिरवून निघून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी होती, 'आज मोटर'. आणि वर पाहतो तर धुराड्यातून धूर! मी इंजिनघरात धावलो. इंजिन धपधप चालू, बेल्ट मात्र काढून खुंटीला टांगलेला. चाचा हाताला फडकं गुंडाळून तेल घालत होते आणि दारात साक्षात शेठ उभे.

मी ओरडलोच, "शेठ, बेल्ट तं काढेल हाये! मंग इंजन कायले चालू?"

शेठनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल बे. लेकरं झोपले."