मंगळीचं वाढलेलं रक्त

वैशाखरे गावच्या वरच्या पाड्यावर लग्न निघालं की धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायला मंगळीच लागायची. तिचा आवाज उठला की मांडवातली भांडणंसुद्धा थांबत. दोन वर्षांमागं ओळ अर्ध्यावर तुटायला लागली. विहिरीवरून येताना ती वाटेतच बसायची. अंगात रक्त नाही, असं आम्हा शेजाऱ्यांपासून सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाड्यावर बाईच्या प्रत्येक दुखण्याला हेच एक नाव, काय बोलणार!

खरं कळलं ते मुंबईच्या इस्पितळात. फुप्फुसांकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला होता आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, नवसूला, बाजूला घेऊन समजावलं. हृदय किती थकलंय ते रक्ताच्या एका तपासणीत दिसतं. आकडा उतरला तर औषध लागू पडतंय. चढतच राहिला तर पुढचं कठीण.

औषध सुरू झाल्यावर पहिल्याच खेपेला आकडा चढून आला. बाकावर बसलेल्या मंगळीनं रक्ताचं विचारलं तेव्हा नवसूच्या तोंडून खरं तेच निघालं, "वाढलं." मंगळीचा चेहरा उजळला. रक्त वाढलं की बरं, हेच तिनं जन्मभर ऐकलेलं. नवसूनं खुलासा केला नाही. मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

मग गोळ्या बदलल्या, हेलपाटे चालू राहिले आणि दर खेपेला "वाढलं". बिचाऱ्याला खोटं बोलायची गरजच पडत नव्हती. लेकीचं, चिमीचं, लग्न ठरलेलं होतं. तिच्या मांडवात धवळे मीच म्हणणार, हा मंगळीचा हट्ट. म्हणून ती बरी होईपर्यंत नवसू लग्न पुढं ढकलत राहिला.

म्हसा गावची जत्रा उठल्यावर पुन्हा तपासणी झाली. परतताना मुरबाडच्या स्टँडवर तो म्हणाला, "वाढलं गो."

मंगळी आपल्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिली.

"ते उतराया पायजे, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाच बाईंना इचारलं. तुला तेवढंच बरं वाटतंय, म्हनून बोलले नाय."

नवसूनं तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला.

"लगीन आता ढकलू नको रे. बसून म्हनेन. एका धवळ्यापुरता दम हाय अजून."

एसटी लागली होती. चढायच्या आधी नवसूनं होणाऱ्या व्याह्याला फोन लावला.