पाळण्यावर टांगायचे मासे

ताईला नववा महिना लागला, तेव्हा तिच्या दोन मुलींना सांभाळायला मी रजा काढून पनवेलहून श्रीवर्धनला आले. थोरली सहा वर्षांची, धाकटी तीनची. येऊन आठवडाही झाला नव्हता आणि एका सकाळी ताई म्हणाली, "कालपासून बाळ हललेलं वाटत नाही गं." भावोजींनी लगेच गाडी काढली आणि तिला अलिबागला घेऊन गेले. मी मुलींजवळ राहिले.

दुपारी दोघी समुद्रावर जायचा हट्ट धरून बसल्या. पण किनाऱ्यावर फोनला रेंज नसते, आणि मला फोन सोडून हलायचं नव्हतं. मी म्हटलं, "आज समुद्र घरीच करूया."

"कसला समुद्र?" थोरलीने विचारलं.

मला तरी कुठे ठाऊक होतं! मी कपाटं धुंडाळली. जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सत्यनारायणाच्या पूजेतून उरलेले कागदी द्रोण, ताईच्या टिकल्यांची पाकिटं, थोडी लोकर, पुठ्ठा आणि एक नारळाची करवंटी एवढं मिळालं. डिंक वाळून गेला होता, म्हणून मैद्याची खळ शिजवली. पत्रिकांचे पापलेट कापले, त्यांना टिकल्यांचे डोळे लावले. द्रोण उपडा करून त्याला लोकरीचे धागे चिकटवले, ती जेलीफिश. करवंटीला पुठ्ठ्याचे पाय लावून कासव केलं. धाकटी जमिनीवर खळ फासत बसली होती.

"हे सगळं बाळाच्या पाळण्यावर टांगायचं," थोरलीने मध्येच ठरवून टाकलं. "ते झोपून बघेल."

पाळणा माळ्यावरून काढून, पुसून, मधल्या खोलीत टांगलेला होता. या दोघी त्यातच वाढल्या होत्या. थोरली आतून कपड्यांचा हँगर घेऊन आली आणि मी त्याला दोऱ्याने मासे बांधू लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाळ गेलं," भावोजी म्हणाले. "पोटातच. ही बरी आहे. मुलींना आत्ता काही बोलू नकोस. ही म्हणते, मीच सांगेन."

मी फक्त "बरं" म्हटलं.

"बाबा होते?" थोरलीने विचारलं. "बाळ आलं?"

"आई बरी आहे," मी म्हटलं.

तेवढ्याने तिचं समाधान झालं. तिने कात्री माझ्या हातात दिली. "आता बोंबील काप. तोंड उघडं पाहिजे हां."

मी बोंबील कापला. रडावंसं वाटत होतं, पण दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बाळाला लाल आवडेल की सोनेरी?" थोरली विचारत राहिली आणि मी कधी लाल म्हणत होते, कधी सोनेरी. तो हँगर पाळण्यापर्यंत पोचू नये एवढंच मला वाटत होतं.

"हे आपण खिडकीत लावूया का?" मी म्हटलं. "वाऱ्यावर छान हलेल."

"खिडकीत कशाला? बाळ काय खिडकीत झोपणार आहे?"

ती स्टुलावर चढली आणि मी खालून तिला धरलं. पाळण्याच्या कडीला तिने स्वतः हँगर अडकवला. करवंटीच्या वजनाने तो एका बाजूला कलला. धाकटीने टाळ्या वाजवल्या.

ताई घरी येईपर्यंत तो तसाच होता. काढायला गेले की थोरली मध्ये उभी राहायची. येताजाता मला तो दिसायचा आणि मी मान खाली घालून पुढे जायचे.

ताई गाडीतून उतरली, तशी थोरलीने तिचा हात धरून थेट पाळण्याजवळ नेलं. "बघ, बाळासाठी! कासव मावशीने वाकडं केलंय. बाळ कुठाय?"

ताई पाळण्याच्या कडेला हात टेकून खाली बसली. म्हणाली, "बाळ नाही आलं गं. ते पोटातच मेलं."

"मग कुठे ठेवलंत?"

भावोजी उंबऱ्यातच थांबले होते, ते मागे वळले. ताईच म्हणाली, "बाबांनी मातीत ठेवलं."

थोरलीने एका पापलेटाची निघालेली टिकली बोटाने दाबून बसवली. धाकटीला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "मग मासे मला?"

मी तिला उचलून बाहेर न्यायला पुढे झाले. ताईने हातानेच नको म्हटलं आणि तिला म्हणाली, "घे. तुला."

धाकटी धडपडत पाळण्यात चढली आणि उताणी झाली. तिचे पाय बाहेर लोंबत होते. ताईने बसल्या जागेवरूनच पाळण्याला हळूच झोका दिला. करवंटी पाळण्याच्या दांडीवर खटखट आपटू लागली. मी चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस न पेटवता ओट्याला धरून उभी राहिले.